शहाणीचं पाणी

कचरा डेपोवर त्यांना सगळे बाटलीवाले म्हणत. या नावामुळे नव्या माणसाचा हमखास गैरसमज व्हायचा, आणि तो दूर करायची घाई जुन्यांपैकी कुणालाच नसायची. खरं तर या गृहस्थांनी जन्मात चहापलीकडे व्यसन केलं नव्हतं. डेपोभोवती सात बोअर होत्या. दर तीन महिन्यांनी त्यांतलं पाणी काढायचं, बाटल्यांत भरायचं, चिठ्ठ्या चिकटवायच्या आणि बर्फाच्या पेटीतून प्रयोगशाळेत पोचवायचं, एवढंच त्यांचं काम. कचऱ्यातली घाण जमिनीखालच्या पाण्यात उतरते की नाही, ते यावरून ठरायचं. एकवीस वर्षं ते हे करत होते. निवृत्तीला दीड वर्ष उरलं होतं आणि गुडघ्यांनी त्याआधीच राजीनामा दिला होता.

डेपो म्हणजे पाच मजली घराएवढा ढीग. त्याच्या पोटात काय नव्हतं? बॅटऱ्या होत्या, रंगाचे डबे होते, मुदत संपलेली औषधं, फुटक्या ट्यूबलाइट, आणि कारखान्यांचा असा गाळ जो कागदोपत्री तिथे कधी आलाच नव्हता. पाऊस वरून मुरायचा आणि खालून काळा होऊन पाझरायचा. कामगार त्या काळ्या पाण्याला काढा म्हणत. काढ्याचा वास कपड्यांत बसायचा, जेवणाच्या डब्यात बसायचा, आणि काही वर्षांनी माणसाला तो वास येईनासाच व्हायचा. डेपोवरचं हेच काय ते सुख.

सात बोअरपैकी एक नंबरची बोअर उताराच्या वरच्या अंगाला होती. पाणी वरून खाली जातं, तेव्हा ढिगाचा काढा तिच्यापर्यंत पोचणार नाही, म्हणून ती स्वच्छ, असा हिशेब. बाकीच्या सहा बोअर तिच्याशी ताडून बघायच्या. घरात एखादी गुणी मुलगी असली की उठसूट तिचं उदाहरण देऊन बाकीच्या पोरांना बोलणी बसतात, तसंच हे. म्हणून डेपोवर तिला शहाणी म्हणत.

अकरा वर्षांपूर्वी शहाणीवर कायमचा छोटा पंप बसवला. तो गंजून बसू नये म्हणून रोज सकाळी पाव तास चालवायचा नियम होता, आणि ते पाणी गवतात सोडून द्यायचं. बाटलीवाल्यांच्या जिवाला ते लागायचं. चांगलं पाणी असं डोळ्यांदेखत वाया घालवायचं? घरच्या नळाचं पाणी गढूळ, कधी आलं तर आलं. त्यांनी एक कॅन आणला, मग दुसरा आणला. रोज सकाळी दोन कॅन सायकलला अडकवून ते घरी न्यायचे आणि स्वयंपाकघराच्या ओट्यावर ठेवून म्हणायचे, "घ्या, एक नंबर!" बायको हसायची. पुढे पुढे ती हसायची थांबली, पण ते म्हणायचे थांबले नाहीत.

त्यांची स्वतःची तहान दिवसभर ऑफिसातल्या जारवर भागायची. घरचं पाणी प्यायची ती बायको. चहा तिचा, भात तिचा, वरण तिचं, आणि उन्हातून येऊन उभ्या उभ्या रिकामा केलेला तांब्याही तिचाच.

गेल्या पाच-सहा वर्षांत डेपोचे अहवाल फार छान येऊ लागले होते. अहवालाच्या फॉर्ममध्ये प्रत्येक बोअरचा आकडा नसायचा, शहाणीशी असलेला फरक असायचा. पूर्वी दोन आणि तीन नंबरचा फरक मोठा यायचा. तो वर्षागणिक कमी होत गेला आणि शेवटी "फरक नाही" असं छापून येऊ लागलं. साहेबांनी सगळ्यांना चहा पाजला. ढिगाखाली घातलेलं प्लॅस्टिकचं अस्तर काम करतंय, असं ते म्हणाले. बाटलीवाल्यांनी प्रत्येक अहवालाखाली मान ताठ ठेवून सही केली. माणसाला आयुष्यात एखाददुसऱ्याच गोष्टीचा अभिमान वाटतो, तो असा कुठेतरी चुकीच्या जागी जाऊन बसतो.

आणि मग बायकोचे पाय सुजायला लागले.

सुरुवातीला दोघांनीही वयावर ढकललं. मग तिला दोन जिने चढताना तीनदा बसावं लागायला लागलं. डोळ्यांखाली पिशव्या आल्या, जेवण जाईना. डॉक्टरीणबाईंनी रक्त तपासलं, लघवी तपासली आणि कागद उलटसुलट बघत म्हणाल्या, "दोन्ही मूत्रपिंडं निम्म्याहून कमी काम करतायत. साखर नाही, रक्तदाब तसा बरा. मग हे कशानं? पाणी कुठलं पिता?"

"पाण्याचं तुम्ही मला विचारू नका," बाटलीवाले म्हणाले. "तेच माझं काम आहे. सगळ्यात चांगलं पाणी पिते ती."

"तरी तपासून आणा."

"अहो, दर तीन महिन्यांनी तपासतो!"

"मग अजून एकदा तपासायला काय हरकत आहे?" डॉक्टरीणबाई शांतपणे म्हणाल्या.

परतताना बायको रिक्षात मिटल्या डोळ्यांनी बसली होती. हे मात्र रस्ताभर धुसफुसत होते. एकवीस वर्षं पाण्यात काढलेल्या माणसाला पाणी शिकवायला निघाल्या! पण तिच्या औषधांची पिशवी मांडीवर होती, आणि तिचं वजन त्यांना पुन्हा पुन्हा जाणवत होतं. त्या तिमाहीच्या बाटल्या भरल्या तेव्हा त्यांनी घरच्या कॅनमधलं पाणी एका जादा बाटलीत भरलं. चिठ्ठीवर नंबर लागतोच, म्हणून आठ घातला.

नवव्या दिवशी प्रयोगशाळेतल्या मुलीचा फोन आला. ही मुलगी चार वर्षांपासून त्यांच्या बाटल्या तपासायची आणि त्यांना काका म्हणायची.

"काका, आठ नंबरची बोअर नवीन घेतलीत का? ढिगाच्या अगदी पायथ्याशी घेतलेली दिसतेय."

"का गं?"

"आर्सेनिक पिण्याच्या मर्यादेच्या सहापट आहे. कॅडमियम चौपट. तिथलं पाणी कुणी पीत नाही ना?"

बाटलीवाल्यांनी खुर्ची ओढली, पण बसले नाहीत. "आणि एक नंबरचं किती आलंय?" त्यांनी विचारलं.

"फॉर्ममध्ये एक नंबर बाकीच्यांतून वजा होतो, काका. तिचा आकडा अहवालात जातच नाही. आठ नंबरला फॉर्ममध्ये रकानाच नव्हता, म्हणून मी पिण्याच्या पाण्याच्या तक्त्याशी लावून बघितलं. थांबा, एक नंबरचा कच्चा आकडा काढते."

फोनमध्ये कागद उलटल्याचा आवाज बराच वेळ येत होता. मग तो थांबला.

"काका," ती अगदी हळू म्हणाली, "तेवढंच आहे."

तिने अकरा वर्षांचे कच्चे आकडे वाचून दाखवले. पहिली पाच वर्षं सगळं सपाट होतं. सहाव्या वर्षापासून शहाणी जी चढायला लागली, ती चढतच गेली होती. दोन आणि तीन नंबर सुधारल्या नव्हत्याच. त्या होत्या तिथेच होत्या, शहाणीच बिघडत बिघडत त्यांच्या पंगतीला येऊन बसली होती. सगळ्यांनी फरक बघितला, आणि फरक मिटला म्हणून चहा प्यायले.

बाटलीवाल्यांना कारण शोधायला लांब जावं लागलं नाही. सहा वर्षांपूर्वी जागा पुरेना म्हणून ढिगाच्या वरच्या अंगाला नवा खड्डा उघडला होता, शहाणीच्याही वर, हाकेच्या अंतरावर. त्याचं अस्तर पहिल्याच वर्षी बुलडोझरखाली फाटलं होतं, हे सगळ्यांना ठाऊक होतं. पण शहाणी वरच्या अंगाला आहे असं नकाशात लिहिलं होतं, आणि नकाशा जुन्या ढिगाचा होता. आणि ते स्वतः रोज सकाळी त्याच खड्ड्याला वळसा घालून पंपावर जात होते. दिव्याखाली अंधार म्हणतात, इथे तर दिवा हातात धरून माणूस अंधारात चालला होता.

साहेबांनी आकडे बघितले आणि चष्मा काढून डोळे चोळले. वाईट माणूस नव्हता तो. तीन डेपो त्याच्या गळ्यात होते आणि माणसं एका डेपोपुरतीही नव्हती.

"पुन्हा नमुने घ्यावे लागतील, काका. दुसऱ्या प्रयोगशाळेत. मग समिती बसेल."

"किती दिवस?"

"दोन-तीन महिने तरी. तोवर बाहेर बोलू नका. घबराट होईल."

"वरच्या वस्तीचा हातपंप शहाणीला लागूनच, त्याच पाण्यावर आहे, साहेब. चाळीस घरं आहेत. ती तोवर काय पिणार?"

साहेबांनी चष्मा परत चढवला. "मला पटतंय हो," ते म्हणाले. "पण सगळ्या अहवालांवर पहिली सही तुमची आहे आणि दुसरी माझी. प्रकरण वर गेल्यावर पहिला प्रश्न आपल्यालाच विचारतील."

बाटलीवाले उठले. साहेबांवर रागवायलाही अंगात त्राण उरलं नव्हतं.

घरी बायको स्वयंपाकघरात स्टुलावर बसून भाजी निवडत होती. हल्ली तिला उभं राहून काही करता येत नसे. ओट्यावर सकाळचे दोन कॅन होते. त्यांनी ते मोरीत उपडे केले. पाणी संपेपर्यंत ती बघत राहिली.

"काय झालं?"

त्यांनी सांगितलं. वाक्यं जुळवून आणली होती, पण तोंडातून ती भलत्याच क्रमाने बाहेर पडली. आधी खड्डा आला, मग फॉर्म, मग सहापट, आणि सगळ्यात शेवटी "मीच आणून पाजलं तुला" हे आलं.

बायकोने हातातली शेंग मोडली. "चहा लोखंडासारखा लागतो, असं मी म्हणाले होते," ती म्हणाली. "तुम्ही म्हणालात, तुझ्याच तोंडाला चव नाही."

त्यांना ते आठवलं. आपण हसत हसत म्हणालो होतो, हेही आठवलं. त्यांनी भिंतीला पाठ टेकली आणि ते तसेच जमिनीवर बसले.

"रड नाही तर शिव्या दे," ते म्हणाले. "काहीतरी कर."

"दमलेय हो मी," ती म्हणाली. "भांडायलाही ताकद लागते." मग तिने विचारलं, "वस्तीत सांगितलंत?"

"साहेब नको म्हणतायत."

"साहेब पितात का ते पाणी?"

दुसऱ्या दिवशी बाटलीवाले वरच्या वस्तीत गेले. हातपंपावर सकाळची रांग होती. घागरी, बादल्या, रंगाचे धुतलेले डबे, जे मिळेल ते. रांगेत सगळ्यात पुढे शिवणकाम करणारी बाई होती. तिच्या गळ्यात मोजपट्टी असायची, पंपावरसुद्धा. वस्तीत तिचा शब्द चालायचा, कारण सगळ्यांची मापं तिला ठाऊक होती.

बाटलीवाल्यांनी कागद दाखवला. आर्सेनिक म्हणजे काय, कॅडमियम म्हणजे काय, ते मूत्रपिंडात कसं साठतं, हाडं कशी पोकळ करतं, उकळून का जात नाही, सगळं जमेल तितकं सोपं करून सांगितलं. लोकांनी ऐकून घेतलं. पंपाचा दांडा मात्र थांबला नाही.

"काका," शिवणवाली म्हणाली, "अकरा वर्षांपूर्वी आम्ही नळ मागायला मोर्चा काढणार होतो. तेव्हा तुम्हीच आला होता ना? ह्याच पंपाखाली पेला धरलात, आमच्यासमोर गटागट प्यायलात, आणि म्हणालात की असं पाणी शहरात पैसे मोजून मिळत नाही."

"म्हणालो होतो. तेव्हा ते चांगलंच होतं."

"आम्ही मोर्चा रद्द केला. आणि आता तुम्हीच म्हणता विष आहे. मग आम्ही अजून जिवंत कसे?"

मागून एक म्हातारा ओरडला, "जागा पाहिजे असेल ह्यांना! अजून एक खड्डा काढायचा असेल. आधी पाणी वाईट म्हणायचं, मग उठा म्हणायचं!"

हे ऐकल्यावर मात्र रांगेत कुजबुज झाली. शिवणवालीने पेला भरला आणि तो त्यांच्यापुढे धरला. तिच्या चेहऱ्यावर चेष्टा नव्हती, तिला खरंच जाणून घ्यायचं होतं. बाटलीवाल्यांनी पेला घेतला नाही. पण त्याने काय सिद्ध होणार? डेपोच्या माणसाने पाणी प्यायलं तर ते चांगलं, आणि नाही प्यायलं तर त्याला जागा हवी. त्यांनी कागदाची घडी घातली. शब्दाला किंमत होती तेव्हा ती त्यांनी एका पेल्यात खर्चून टाकली होती, आता खिशात फक्त कागद होता.

घरी येऊन त्यांनी बायकोला सगळं सांगितलं. "पालथ्या घड्यावर पाणी," ते म्हणाले. "नाही ऐकत कुणी. त्यांचंही बरोबर आहे. मी तरी कुठे ऐकलं होतं तुझं?"

सकाळी ते चहा करत होते, विकतच्या जारच्या पाण्याचा, तेव्हा ती बाहेर जायचे कपडे घालून दारात उभी दिसली. तिच्या चपला पायांत शिरत नव्हत्या म्हणून तिने त्यांच्या घातल्या होत्या.

"कुठे निघालीस?"

"पंपावर. तुम्ही सायकल घ्या, मी मागे बसते. चढावर उतरेन."

"अगं, तुला दोन जिने चढवत नाहीत!"

"म्हणूनच आज जाते. उद्या तेवढंही जमेल की नाही, कुणास ठाऊक."

चढावर ती उतरली आणि सायकलच्या सीटला धरून चालली. चार पावलं टाकायची आणि थांबायची. ते हँडल धरून उभे राहायचे आणि तिच्याकडे न बघता म्हणायचे, "चल, परत जाऊ." ती मान हलवायची आणि पुढची चार पावलं टाकायची. पंपाशी पोचेपर्यंत तिच्या ओठांचा रंग उडाला होता. तिचा अवतार बघून रांग बाजूला सरली. कुणीतरी बादली उपडी घातली, त्यावर टेकून तिने आधी श्वास जागेवर येऊ दिला.

"मी ह्यांची बायको," मग ती म्हणाली. "ह्यांनी तुम्हाला एक पेला पिऊन दाखवला. मी अकरा वर्षं प्यायले."

तिने साडी घोट्याच्या वर घेतली. पाय सुजून गुळगुळीत झाला होता. तिने नडगीवर अंगठा दाबून धरला आणि काढला. तिथे खड्डा पडला. रांगेतल्या बायका पुढे सरकून बघू लागल्या. खड्डा भरून आला नाही.

"डॉक्टर असं बघतात," ती म्हणाली. "मला वाटलं होतं वय झालं. उभं राहून पाय सुजतात असंही वाटलं होतं. सकाळी तोंड जड वाटायचं, तेव्हा झोप झाली नसेल म्हणायचे. मला आणखी काही सांगता येत नाही बाई, मी शिकलेली नाही."

कुणी जागेचं नाव काढलं नाही. म्हातारा बादली हातात धरून नुसताच उभा होता. बाटलीवाले सायकल धरून मागे थांबले होते, आणि त्यांना बायकोच्या पायाकडे बघवत नव्हतं.

शिवणवालीने पंपाचा दांडा सोडला. ती दगडावर बसली, गळ्यातली मोजपट्टी काढून तिने बाजूला ठेवली आणि स्वतःची साडी गुडघ्यापर्यंत वर घेतली. ती दिवसभर मशीनवर बसायची, पाय जड होतात ते मशीनमुळे असं ती सगळ्यांना सांगायची. तिने नडगीवर अंगठा टेकवला, जोरात दाबला, मनातल्या मनात काहीतरी मोजलं आणि अंगठा उचलला.

ती बराच वेळ तिथे बघत राहिली. मग तिने मान वर न करता मागच्या बाईला म्हटलं, "तू पण बघ गं." आणि रांगेतल्या बायका घागरी खाली ठेवून एकेक करून वाकल्या.